बिनचेहऱ्याचा जीव

पुण्यात समुद्र नाही. तरी माझ्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची एक टाकी आहे आणि तिच्या काचेवर एक समुद्री अर्चिन सरकत असतो. जेमतेम पाच सेंटिमीटर व्यासाचा गोल देह, आखूड तांबूस काट्यांचे पट्टे, आणि दोन पट्ट्यांच्या मधून उतरत गेलेली मखमली निळाई. मेस्पिलिया ग्लोब्युलस हे त्याचं शास्त्रीय नाव; दुकानात त्याला टक्सीडो अर्चिन म्हणतात. घरी आलेली मंडळी आधी माशांवर खूश होतात, मग याच्याकडे बोट दाखवून विचारतात, "याचं तोंड कुठंय?" तोंड खाली असतं, खडकाला टेकलेलं. डोळे नाहीत. पुढची बाजू नाही, मागची नाही. कुठंही जायचं झालं तर त्याला वळावं लागत नाही.

आपली माया आधी चेहरा शोधते. कुत्रा नजर देतो, मांजर डोळे मिटून संमती देते. टाकीतला क्लाउनफिशसुद्धा खाण्याच्या वेळी काचेपाशी येतो आणि त्यानं आपल्याला ओळखलं असं वाटून बरं वाटतं. अर्चिन ते सुख देत नाही. त्याला मेंदू नाही. तोंडाभोवती चेतातंतूंचं एक कडं आणि त्यातून निघालेल्या पाच मुख्य चेता, एवढ्यावर त्याचा कारभार चालतो. त्याला मी सांभाळतो हे त्याला ठाऊक नाही, कधी होणारही नाही. जिथून ओळखही परत येणार नाही, तिथं जीव लावायचा कसा? याचं उत्तर मला त्याचं शरीर आणि त्याचं पाणी न्याहाळता न्याहाळता मिळत गेलं.

तो काचेवर चढला की खालची बाजू नीट दिसते. मध्यभागी पाच दात, एका बिंदूत मिटणारे. अ‍ॅरिस्टॉटलने अर्चिनच्या वर्णनात कंदिलाची उपमा दिली होती, म्हणून जबड्याच्या या यंत्रणेला आजही 'अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील' म्हणतात. हे दात कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे. ते पुढून झिजतात, मागून वाढतात आणि झिजता झिजता स्वतःला धार लावून घेतात. खडकावर चढलेलं गुलाबी, कठीण शेवाळ खरवडून तो पुढं जातो आणि मागं पाच टोकांचे पांढरे ओरखडे राहतात. काट्यांच्या मधून शेकडो नलिकापाद बाहेर आलेले असतात: आतल्या पाण्याच्या दाबानं लांब होणारे, टोकाला चिकटणारी तबकडी असलेले. त्यांच्याच बळावर तो चालतो आणि काच धरून राहतो. श्वासालाही त्यांची मदत होते. 2006 मध्ये जांभळ्या अर्चिनचा जनुकसंच उलगडला, तेव्हा प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनांची जनुकं त्यात सापडली. पुढं नलिकापादांमध्ये प्रकाशसंवेदी पेशीही आढळल्या. ज्याला डोळा नाही तो अंगभर उजेड जाणतो. आणखी एक गोष्ट मला फार हलवून गेली. उत्क्रांतीच्या वंशवृक्षावर अर्चिन आपल्याच मोठ्या फांदीवर आहे. मोठ्या डोळ्यांनी आपल्याकडे पाहणारं माकूळ आपल्यापासून अर्चिनहून दूरचं. नात्याची खूण चेहऱ्यावर असतेच असं नाही.

त्याची एक सवय मला विशेष आवडते. शिंपल्याचा तुकडा, खडा, शेवाळाचा पुंजका, जे हाती लागेल ते तो नलिकापादांनी उचलून पाठीवर घेतो आणि दिवसभर मिरवत फिरतो. झगझगीत उजेडापासून बचाव, शत्रूपासून आडोसा, अशी कारणं अभ्यासक देतात. सैल ठेवलेली वस्तू त्याच्या वाटेत आली की ती त्याची होते, म्हणून टाकीतली प्रत्येक गोष्ट पक्की चिकटवावी लागते. टाकी माझी असली, तरी तिची मांडणी त्याच्या चालीनं ठरते.

पण त्याला सांभाळायचं म्हणजे खरं तर पाणी सांभाळायचं. माशांना शरीरातल्या क्षारांचं प्रमाण स्वतः राखता येतं. अर्चिनला ती सोय नाही. त्याच्या देहातला द्रव बाहेरच्या पाण्याइतकाच खारा असतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, आणि हे प्रमाण झटकन बदललं तर तो तग धरत नाही. म्हणून नव्यानं आणलेल्या अर्चिनच्या भांड्यात टाकीचं पाणी बारीक नळीतून थेंब थेंब सोडतात आणि तासाभराहून अधिक वेळ तसंच चालू ठेवतात. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत टाकीचं पाणी भराभर उडतं. मीठ मात्र खालीच राहतं. मग रोज आरओचं गोडं पाणी घालून पातळी पूर्ववत करायची. वीज गेली तर हवेचा पंप बॅटरीवर चालला पाहिजे. कॅल्शियम कमी पडलं तर त्याचं कवच आणि काटे घडणार कशातून? शेवाळ संपलं तर नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा, तुकडा खडकाला बांधून द्यायचा. आणि तांब्यापासून तर त्याला फार जपावं लागतं. आपण तांब्याच्या भांड्यातलं पाणी आरोग्याचं मानतो. माशांच्या ठिपक्यांच्या रोगावर तांबंयुक्त औषधही देतात. तेच तांबं पाण्यात अगदी थोडं उतरलं, तरी अर्चिनच्या जिवावर बेततं.

त्याला दुखलंखुपलं तर तो ओरडत नाही. काटे मरगळतात, मग गळू लागतात. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. त्यामुळं त्याच्याकडे आधीच पाहावं लागतं, सगळं ठीक असतानाच. मागणी न करणाऱ्या जिवाकडे रोज लक्ष देणं हा मनासाठी फार चांगला सराव आहे.

असं लक्ष न दिलेल्या जिवाची किंमत कॅरिबियन समुद्रात तो गेल्यावर कळली. तिथला लांब काट्यांचा काळा अर्चिन, डायडेमा अँटिलॅरम, इतका मुबलक होता की त्याचं महत्त्व फारसं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. 1983 मध्ये पनामाच्या किनाऱ्यापासून एक रोग प्रवाहांबरोबर पसरला आणि साधारण वर्षभरात त्या समुद्रातले नव्वद टक्क्यांहून अधिक डायडेमा मेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीनं आधीच रोडावले होते. अर्चिन गेल्यावर शेवाळाला आवर घालणारं कुणी उरलं नाही, आणि प्रवाळाचे खडक हिरव्या-तपकिरी दाटीखाली गेले. 2022 मध्ये पुन्हा साथ आली. तिचं कारण असलेला एकपेशीय जीव पुढच्या वर्षी ओळखला गेला.

म्हणून विकत घेताना हा जीव आला कुठून, हे विचारणं मला बंधनकारक वाटतं. छंदासाठी विकले जाणारे बहुतेक अर्चिन समुद्रातूनच उचललेले असतात. आपल्याकडे प्रवाळ आणि समुद्रकाकड्या यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पण कायद्यानं अडवलं नाही म्हणून कोकणच्या कातळावर, ओहोटीत खाचांमध्ये बसलेले काळे अर्चिन घरी आणावेत असं होत नाही. ते तिथंच पाहावेत.

समुद्रातून जीव उचलण्याच्या उलट दिशेचं कामही जगात चालू आहे. हवाईमध्ये सरकारी केंद्रात ट्रिपन्युस्टेस ग्रॅटिला या स्थानिक अर्चिनची पिल्लं वाढवून, बाहेरून आलेल्या शेवाळानं गुदमरणाऱ्या कानेओहे उपसागराच्या प्रवाळांवर सोडली जातात. टाकी तिथं समुद्राची दाई झाली आहे. घरातल्या टाकीला एवढं साधणार नाही. पण तिच्यापाशी बसून एवढं नक्की शिकता येतं की, ज्यांचे चेहरे आपल्याला कधीच दिसणार नाहीत, त्यांच्यावर माया करायची तर त्यांचं पाणी कसं आहे हे रोज विचारावं लागतं, आणि ते बिघडू नये म्हणून रोज काही करावं लागतं.