मावशींनी न बोलावलेली गाडी

आमच्या घरावर मावशींचं ऋण दोन गाड्यांचं आहे. एक त्यांनी बोलवायला लावली, दुसरी बोलावू दिली नाही. गावात नाव निघतं ते पहिलीचंच. माझ्या लेखी दुसरीचं मोल काकणभर जास्त आहे.

मावशी आमच्या नात्यातल्या नव्हेत. घर तेवढं आमच्या वाड्याला लागून. आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, अणदूरपासून आत. अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यापाड्यांतल्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. 1993च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात त्या कामाची मोठी गरज होती. मावशी त्यातल्याच एक. शाळा जेमतेम झालेली, रोजंदारीवर खुरपायला जाणारी बाई. हातात औषधांची पेटी आली तेव्हा आमच्याच आळीतले लोक हसले होते. ‘आता ही डागदरीण!’

उन्हाळ्याचे दिवस होते. कडब्याच्या गंजीतून पेंढ्या काढताना आमच्या घरच्या आण्णांना विंचू चावला. एवढा धिप्पाड माणूस, पण असा ओरडला की निम्मं गाव दारात. एकजण मांत्रिकाला आणायला निघाला, दुसरा जीपवाल्याकडे. जीपचं भाडं म्हणजे आमच्या घरात त्या वेळी बी-बियाणाचे पैसे. मावशी आल्या, कुणाशी बोलल्या नाहीत. आधी आण्णांच्या तळपायाला हात लावला, मग तळहाताला. कपाळ पुसून बघितलं. ‘मळमळतंय का? लाळ सुटतीय का?’ आण्णांनी उत्तरादाखल विंचवाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मावशी म्हणाल्या, ‘पाय ऊन हायत, घाम न्हाई, शिव्या चालू हायत. जीप नको. पर मी हितंच बसते.’

आणि बसल्या. रात्रभर मधून मधून उठून पायाला हात लावत होत्या. जीपवाल्याला सांगून ठेवलं होतं, झोप पण दार लावू नको. पहाटे ठणका उतरला.

यातलं शास्त्र मला फार उशिरा कळलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी देऊन लाल विंचू चावलेले कितीतरी रुग्ण मरणाच्या दारातून परत आणले. त्यांच्या कामातून दिसतं ते असं : नुसता जागच्या जागी ठणका असेल तर माणूस सहसा निभावतो. दरदरून घाम, उलट्या, लाळ आणि गार पडलेले हातपाय दिसले की विष हृदयावर चालून आलं. लहान लेकरू असेल तर मात्र वाट बघत बसायचंच नाही. मावशींना प्राझोसिनचा इतिहास ठाऊक नसेल, पाय ऊन की गार हे ठाऊक होतं.

पुढं एका येळवशीला उलटं घडलं. शेतात भज्जी, उंडे, आंबील असा बेत झाला, पाहुणेरावळे होते. संध्याकाळी आजी ओसरीवर भिंतीला टेकून बसली. ओरडणं नाही, रडणं नाही. ‘जरा छातीत दाटल्यागत होतंय,’ एवढंच. आंबील बाधली, गॅस धरला, ओवा द्या, सोडा द्या, असं ज्याचं त्याचं सुरू झालं. येळवस म्हणजे कडाक्याच्या थंडीचे दिवस, आणि आजीच्या मानेवर घाम. मावशींनी पायाला हात लावला आणि उठूनच उभ्या राहिल्या. ‘ह्यो गॅस न्हाई. गाडी बघा.’ तेव्हा 108 नव्हती. दूधवाल्याच्या पिकअपमध्ये गादी टाकून आधी नळदुर्ग आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवर सोलापूर. हृदयविकाराचाच झटका होता. आजी पुढं नातसुना बघून गेली.

ओरडणाऱ्याला घरी ठेवलं आणि गप्प बसलेलीला पळवलं! ‘न्या’ म्हणणं तसं सोपं असतं, जबाबदारी पुढच्यावर जाते. ‘थांबा’ म्हणणाऱ्या बाईला, काही कमी-जास्त झालं असतं तर, गावानं उभं जाळलं असतं. हे ठाऊक असून ती रात्रभर आमच्या ओसरीवर बसली. मी नोकरीला लागल्यावर लुगडं घेऊन गेलो. घेतलं त्यांनी, पण वर सुनावलं, ‘आण्णाची तंबाखू सोडव, मग आण लुगडं.’

26 जानेवारी 2014ला राज्यात 108 सुरू झाली : 937 गाड्या, गाडीत डॉक्टर, राज्यभरचे फोन पुण्यात औंधच्या नियंत्रण कक्षात. जीपच्या भाड्याचा प्रश्न मिटला, पण ‘बोलवायची का नाही’ हा प्रश्न आहे तिथंच आहे. रात्री गावाकडून चुलतभावाचा फोन येतो, ‘दादा, 108 लावू का?’ मी मावशींचेच प्रश्न विचारतो. बोलतंय का? श्वास कसाय? घाम आहे का? पाय ऊन का गार? कुणाला नुसता ताप असतो, सकाळी आरोग्य केंद्रात जाऊन भागतं. एवढ्यासाठी गाडी अडकवली तर त्याच वेळी हायवेवर पडलेल्याला ती मिळायची नाही. आणि संशय फिटतच नसेल, तर फोन लावायचा. मावशींसारखी पारख हाताशी नसताना ‘थांबा’ म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून आपल्या भागातल्या वाचकांना विनंती. छातीत दाटून घाम सुटला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, धाप थांबेना, साप चावला, तर चर्चा नको, 108. गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचं तर 102. नुसता सल्ला हवा तर 104. पोलीस किंवा आग असेल तर 112. फोनवर ‘पाटलाच्या मळ्यात’ सांगून पुण्यातल्या माणसाला काही कळत नाही. तालुका, गाव आणि हायवेवरचा फाटा सांगा, आणि त्या फाट्यावर एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा.