खुडूक कोंबडी आणि बी.ए.

खुडूक कोंबडी मिळाली नाही की अंडी ज्या पेटीत उबवतात ती इन्क्युबेटर, एवढेच आम्हां कलाशाखेच्या मुलांचे ज्ञान. पण हल्ली विद्यापीठांतूनही इन्क्युबेटर असतात आणि तेथे अंडी नव्हे, नवे धंदे उबवतात! गंमत म्हणजे या नावाचे कुळ खरोखरच कोंबड्यांचे आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बटाव्हिया गावी एक मोठा कारखाना बंद पडला. १९५९ साली जोसेफ मॅन्कुझो यांनी त्या रिकाम्या इमारतीतील जागा लहान उद्योगांना भाड्याने देण्यास सुरुवात केली. भाडेकरूंत एक कोंबड्यांची पिल्ले काढणाराही होता. मॅन्कुझो थट्टेने साऱ्या इमारतीलाच इन्क्युबेटर म्हणू लागले. थट्टा विरली, नाव मात्र चिकटले.

मुंबईच्या आय.आय.टी.त २००४ पासून 'साइन' नावाचे असे केंद्र आहे. नवख्या उद्योजकाला तेथे बसायला जागा, जाणत्यांचा सल्ला आणि थोडेफार भांडवल मिळते. 'थ्री इडियट्स' (२००९) चित्रपटात उडालेले ते यंत्र आठवते ना? ते बनवणाऱ्या 'आयडियाफोर्ज'च्या मुलांना याच केंद्राची ऊब लाभली. त्यांची कंपनी निघाली २००७ साली, शेअरबाजारात आली २०२३ साली. मधल्या १६ वर्षांबद्दल कोणी फारसे बोलत नाही.

गेल्या वर्षी अशाच एका केंद्राच्या सभेत मी विचारले, "मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्याला प्रवेश आहे का?"

"तुमचं प्रॉडक्ट काय?" वक्त्यांनी विचारले.

आमच्या गावात बँकेची नोटीस आली की माणसे ती घेऊन माझ्याकडे येतात. 'तारण', 'जप्ती', 'थकबाकीदार'! मराठीतच लिहिलेले मराठी माणसाला समजावून द्यावे लागते. त्याचीच सेवा काढायची, असे मी सांगितले. मागच्या बाकांवर हशा पिकला. "ॲप आहे का?" नव्हते. प्रश्न दुसऱ्याकडे गेला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येईनात म्हणून ती सुटली. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावीनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळरान दिले, कर्ज दिले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे राजेसाहेब स्वतः चित्रकार! ॲप आहे का, असे त्यांनी विचारले नाही, हे नशीब.

बाबा म्हणतात, बी.एड. कर. त्यांचे चुकत नाही. दोन वर्षे काहीही न खपण्याची चैन आमच्या घराला परवडणारी नाही. पण अशा घरातल्या मुलांनाच तर ती पेटी हवी ना? ज्याच्या घरी खुडूक कोंबडी आहे, त्याला पेटीचे काय?

या जूनपासून दर शनिवारी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात कागद वाचून द्यायला बसायचे मी ठरवले आहे. कागदामागे दहा रुपये. प्राचार्यांकडे अर्ज दिला आहे. खुर्ची मंजूर झाली, टेबलाचे अजून ठरायचे आहे.