दिल्ली बघायला गेले आणि पातेलं सापडलं



डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं दिल्लीला जाऊन आलो. काय काय बघितलं ते लिही, असं मंडळातल्या बऱ्याच जणींनी सांगितलं होतं. लिहायला बसले की थांबत होते. दिल्लीत जे बघायचं ठरवलं होतं ते बघितलंच, पण न ठरवलेलंही बरंच बघावं लागलं. ते वगळून लिहिलं तर हिशेब अपुरा राहील. बी.कॉम. झालेल्या बाईला अपुरा हिशेब झोपू देत नाही.

आधी सोयीचं सांगते. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस थेट निजामुद्दीनला जाते, दोन रात्री आणि मधला एक दिवस. दुधात भिजवलेल्या दशम्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू आणि पातळ पोह्यांचा चिवडा एवढ्यावर आमचं छान भागलं. एक गोष्ट मात्र जाणाऱ्या प्रत्येकीने लक्षात ठेवा. थंडीत तिकडे दिवस लवकर मावळतो. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्यास्त, तर दिल्लीत साडेपाचच्याही आत. अंथऊ करणाऱ्यांनी घड्याळ अर्धा तास पुढेच धरावं.

आता न सोयीचं. माझी लेक दिल्लीत राहते. सात वर्षांपूर्वी तिने एका पंजाबी मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, पण मांसाहारी घरातला. तेव्हा मी म्हटलं होतं, "तू इकडे ये, तुला दार उघडं आहे. पण तुझ्या घरचं पाणी मी पिणार नाही." ती दर दिवाळीला एकटी यायची, चार दिवस राहून जायची. आमचे हे मध्यंतरी एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला दिल्लीला गेले, तेव्हा तिच्याकडे उतरले. मी गेले नाही. कुणी विचारलं तर सांगायची, "माझा नियम आहे."

या वेळी हे म्हणाले, "अगं, लेकीकडे नको जाऊस. दिल्ली बघायला तर येशील?" त्यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. मी जैन धर्मशाळेत चार रात्रींचं आरक्षण केलं, पैसे आधीच भरले आणि वहीत खर्च लिहून टाकला. लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं आई. मी तीन दिवस रजा टाकते. रोज सकाळी तिथेच येते."

पहिल्या दिवशी इंडिया गेट, राष्ट्रीय युद्ध स्मारक आणि राजघाट. इंडिया गेट ४२ मीटर उंच आहे आणि त्याच्या दगडांवर सैनिकांची नावं कोरलेली आहेत, तेरा हजारांहून जास्त. आपण फोटो काढून निघतो, तिथे पाच मिनिटं थांबून नावं वाचा. प्रत्येक नावाच्या मागे एक आई होती.

राजघाटावर काळ्या संगमरवराचा साधा चौथरा आहे, त्यावर 'हे राम'. चपला काढून तिथे उभं राहिल्यावर मला पुतळीबाई आठवल्या. गांधीजींना विलायतेला पाठवायला आईचं मन तयार नव्हतं. शेवटी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी मुलाकडून मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली, तेव्हा त्यांनी परवानगी दिली. १८८८ साली समुद्र ओलांडला म्हणून जातीने त्यांना वाळीत टाकलं, आईने नाही टाकलं. पण मुलगा परत येण्याआधीच ती माऊली गेली, पुन्हा भेट झालीच नाही. हे मला शाळेपासून माहीत होतं. त्या दिवशी लेक शेजारी उभी असताना ते नको तेवढं आठवलं. मी म्हटलं, "चला, ऊन चढतंय." थंडीचे दिवस होते, ऊन हवंहवंसं वाटत होतं. ती काही बोलली नाही.

दुसरा दिवस मेहरौलीचा. मेट्रोने गेलो. पहिला डबा बायकांचा असतो, त्यामुळे माय-लेकी एकीकडे आणि हे दुसरीकडे. कुतुबमिनार साधारण ७३ मीटर उंच, मान मोडेपर्यंत बघावा लागतो. जवळच्या जुन्या मशिदीला २७ देवळांचे खांब-दगड वापरल्याचं तिथल्या शिलालेखातच लिहिलेलं आहे. खांबांवरच्या साखळ्या आणि घंटा बघितल्या की आपल्याकडच्या जुन्या बस्त्या डोळ्यांसमोर येतात. अंगणातला लोखंडी स्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे आणि तरी गंजून गेलेला नाही.

तिथून जवळच टेकडीवर अहिंसा स्थळ आहे, ते चुकवू नका. महावीर भगवंतांची पद्मासनातली ग्रॅनाइटची मूर्ती, साडेतेरा फूट उंच. ती आपल्या जवळच्या कारकळला घडवलेली आहे हे कळल्यावर मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. लेक मूर्तीसमोर बसून बराच वेळ डोळे मिटून होती. तिला अजून सामायिक येतं का, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. सात वर्षांत मी तिला असलं काही विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लाल किल्ला. सोमवारी बंद असतो, लक्षात ठेवा. शहाजहानने बांधलेला हा किल्ला १६४८ साली पुरा झाला. दिवाण-ए-खासचं चांदीचं छत सदाशिवरावभाऊंनी १७६० साली, पानिपतच्या आधी, काढून वितळवलं. लष्कराला पैसा नव्हता. हे ऐकून आमचे हे तिथल्या तिथे म्हणाले, "बघ, घरखर्च भागेना की बायकोच्या चांदीच्या भांड्यांवर डोळा जातोच." आम्ही तिघंही हसलो. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिघं एकदम.

किल्ल्यासमोर रस्ता ओलांडला की चांदणी चौकाच्या तोंडाशीच आपलं दिगंबर जैन लाल मंदिर. शहाजहानच्या काळापासूनचं, मुघल लष्करातल्या जैन लोकांचं म्हणून पूर्वी त्याला लष्करी मंदिर म्हणत. मूळनायक पार्श्वनाथ भगवान, मूर्ती संवत १५४८ ची, म्हणजे इसवी सन १४९१. पुढच्या अंगणात मानस्तंभ आहे. दर्शन झालं, अर्घ्य झालं, मन शांत झालं.

मंदिराच्या आवारातच पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे. पंख तुटलेली, पंख्याला आपटलेली, पतंगाच्या मांजाने कापलेली कबुतरं, पोपट, चिमण्या असे सगळे तिथे पिंजऱ्यांत होते. बरे झाले की त्यांना गच्चीवरून सोडून देतात. एक सेवेकरी माहिती देत होते. हे म्हणाले, "घार-ससाणा आला तर?" ते म्हणाले, "उपचार त्यांच्यावरही करतो. पण ते मांस खाणारे, म्हणून दाखल करून घेत नाही. औषधपाणी करून परत पाठवतो."

लेक माझ्या शेजारीच होती. पिंजऱ्याकडे बघत, हसतच हळू म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच, आई. ओपीडी."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. बोलता बोलता सहज निघालेलं होतं आणि म्हणूनच खोल लागलं. दिवाळीला ये, चार दिवस घे, परत जा. जावयांना तर तेवढंही नाही. सात वर्षं मी हेच करत होते. आणि त्या रुग्णालयाला कारण तरी होतं. जखमी कबुतराच्या शेजारी ससाणा ठेवता येत नाही. माझ्या घरात कुठलं कबुतर होतं?

खाली येऊन मी मानस्तंभासमोर थांबले. इंद्रभूती गौतम वाद घालायला निघाले आणि समवसरणातला मानस्तंभ बघताच त्यांचा मान गळून पडला, ही गोष्ट मी पाठशाळेत मुलांना कितीदा सांगितली असेन. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला विचारलं, "तुझा नियम कुठल्या महाराजांकडून घेतलास?" रात्रीभोजनाचा त्याग मी मुनिमहाराजांसमोर घेतला आहे. कंदमुळांचाही. पण लेकीच्या घरचं पाणी न पिण्याचा? तो कुणीच दिला नव्हता. समाजात मान खाली गेली म्हणून मला राग आला होता आणि त्या रागालाच मी नियमाचं नाव दिलं होतं. क्रोध आणि मान हे कषाय आहेत असं शिकवणारी मी, ते सोवळ्यात गुंडाळून सात वर्षं सांभाळत होते.

मी म्हटलं, "चल, तुझ्या घरी जाऊ."

"बघायला?"

"जेवायला."

तिने वडिलांकडे बघितलं. यांनी आकाशाकडे बघितलं.

मेट्रोत बसल्यावर ती म्हणाली, "आई, आधी एक सांगते. आमच्या घरात अंडी येतात. ते खातात, मी खात नाही. आज फ्रीजमध्ये नाहीत, पण उद्या असतील. तुला फसवून जेवायला घालायचं नाही मला." मी गप्प राहिले. दोन स्टेशनं गेली. खोटं सांगत नाही, ही वाढवणूक आपलीच, हे तेवढ्यात मनात येऊन गेलं. इतक्यात तिचा फोन वाजला. जावई होते. त्यांच्या हिंदीतलं मला एवढंच ऐकू आलं, की मम्मीजींना सांग, आज सूर्यास्त ५ वाजून २४ मिनिटांनी आहे, कुकर मी लावून ठेवतो.

मी विचारलं, "त्यांना कसं माहीत?"

"सात वर्षं रोज माहीत आहे. ऑफिसात मी पाचला डबा खाते. सुट्टीच्या दिवशी तेच आठवण करतात."

घर छोटं, तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघरात नळाला पांढरं गाळण्याचं फडकं बांधलेलं. एका बाजूला वेगळी मांडणी, वेगळी शेगडी, वेगळी भांडी. तिने मुगाची आमटी गरम करायला पातेलं काढलं आणि मी बघतच राहिले. काठावर माझं नाव कोरलेलं. माझ्या लग्नात माहेरून आलेलं पातेलं! पाच वर्षांपूर्वी ते घरातून नाहीसं झालं होतं. मी आकाशपाताळ एक केलं होतं. भांडी घासायला येणाऱ्या मावशींवर संशय घेतला होता, तोंडावर नाही, पण त्यांना कळेल असा.

मी यांच्याकडे वळले. हे म्हणाले, "तू द्यायची नाहीस, म्हणून मी नेलं. लेकीच्या घरात आईचं एक भांडं तरी असावं."

सव्वापाचच्या आत आमची जेवणं झाली. पोळी, मुगाची आमटी, दुधीची भाजी, भात. पोळ्या जावयांनी वाढल्या, पानात नको तेवढ्या. ते कुठे बसतात, काय खातात, मी विचारलं नाही. ते आमच्याबरोबरच बसले आणि आमच्याइतकंच सूर्याकडे बघत जेवले. मी जाताना म्हटलं, "जावईबापू, सांगलीला या. दोघं या." पंजाबी माणसाला 'बापू' म्हटल्यावर काय वाटलं कोण जाणे, पण तो वाकून पाया पडला.

जाताना म्हटलं खरं, पण गेलोच नाही. ती रात्र तिथेच राहिलो. वहीत त्या दिवशी लिहिलं आहे: धर्मशाळा, चौथी रात्र, पैसे भरले, वापर नाही. आयुष्यात वाया गेलेल्या पैशांत एवढा आनंदाचा खर्च दुसरा नाही.

मैत्रिणींनो, याचा अर्थ सगळं जुळलं असा नाही. त्यांच्या फ्रीजमध्ये उद्या अंडी असणारच आणि ते मला कधीच रुचणार नाही. माझे नियम माझ्याजवळ आहेत, त्यातला एकही मी सोडलेला नाही. सोडला तो फक्त जो नियम नव्हताच. तुमच्यापैकी कुणाच्या मनात असा एखादा 'नियम' असेल तर तो कुणाकडून घेतला होता, एवढंच एकदा आठवून बघा.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी कामाला आल्या. मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, "मावशी, ते माझं मोठं पातेलं सापडलं. लेकीकडे होतं. मी तुमच्यावर मनात शंका घेतली होती. क्षमा करा."

त्या चहा पीत म्हणाल्या, "सापडलं ना? लई बरं झालं. आणलं का मग?"

"नाही," म्हटलं, "तिथंच असू दे."

जय जिनेंद्र.