फुटलेला पिस्टन

माझ्या लिहिण्याच्या मेजावर गेल्या पावसाळ्यापासून एक फुटलेला पिस्टन आहे. कागद उडू नयेत म्हणून त्याचा उपयोग होतो. पण तो तिथे आला तो काही त्यासाठी नव्हे. थोरल्या भावाच्या मागे त्याची मारुती झेन पुतण्याकडे आली. मातीवरच्या शर्यतींसाठी त्याने तिला टर्बो बसवला, आणि तिसऱ्याच फेरीत ९९३ सीसीचे ते गुणी इंजिन निळा धूर ओकून बसले. उघडून पाहिले, तर ह्या पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी बिस्किटासारखी तुटलेली.

"काका, इंजिन नव्यानं बांधायचं. पैशाचं तेवढं तुम्ही बघा."

मी शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो, पण शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तरी ज्याने पैसे द्यायचे त्याने प्रश्न विचारावेत, एवढे मला कळते. म्हणून कोल्हापुरात उद्यमनगरातल्या बोअरिंगच्या दुकानात जाऊन बाकावर बसलो.

मिस्त्रींनी सांगितले ते असे. साधे इंजिन आपल्या छातीने हवा ओढते. टर्बो धुराच्या जोरावर पंखा फिरवून ती कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त आणि ताकद जास्त. पण कोंबलेली हवा तापते, तीच पिस्टन पुन्हा दाबतो. मग ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपणहून भडकते. आत कोणी हातोडी मारावी तसा आवाज होतो. आमचा पिस्टन त्या हातोडीने फुटला.

"ह्यावर औषध काय?"

"दोन हैत, मास्तर. दाब कमी करा, न्हाईतर आग थंड करा."

तिसरे एक स्वस्तातले होते, जाड गॅस्केट घालण्याचे. त्यावर मिस्त्रींनी नुसतीच मान हलवली.

गंमत अशी, की हाच पेच १९६२ साली अमेरिकेत दोन मोटारींनी दोन तऱ्हांनी सोडवला होता. शेव्हरोलेने कॉर्व्हेअरला टर्बो देताना कॉम्प्रेशन उतरवून आठास एकवर आणले. ओल्ड्समोबिलने जेटफायरमध्ये ते सव्वादहाच ठेवले आणि आग विझवायला पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण आत फवारले. युक्ती नामी होती. पण त्या मिश्रणाची टाकी मालकाने आठवणीने भरायची होती, आणि पुष्कळांनी ती भरली नाही. टाकी रिकामी झाली की एक झडप टर्बोचा जोर तोडी, म्हणजे ज्यासाठी जादा पैसे मोजले तेच जाई. कित्येक गाड्यांचे टर्बो पुढे काढून टाकावे लागले. एवढ्या हुशार इंजिनाची ही गत वाचून मला खरेच हळहळ वाटली.

पुतण्याला जेटफायरचाच मार्ग हवा होता. कॉम्प्रेशन उतरवले तर टर्बो जागा होईपर्यंत गाडी पेंगते, आणि वळणावळणाच्या मातीत तेच नडते. त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

"आणि बाटली संपली तर?" मी विचारले.

"नाही संपणार. मी बघीन ना!"

हे वाक्य मी त्या घरात पूर्वी ऐकले होते. भाऊ झेनचे पाणी, ऑइल रोज पाही. आपली रक्तदाबाची गोळी मात्र विसरे. वहिनींनी आठवण केली, की "मी बघीन ना" म्हणे.

मी पुतण्याला यातले काही बोललो नाही. एवढेच म्हणालो, "पैसे माझे आहेत. आठास एक."

तो दोन दिवस घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे मायक्रोमीटर घेऊन बसलेला दिसला. सिलिंडर अर्धा मिलिमीटर वाढवले. ओतीव पिस्टन जाऊन घडीव आले, डोक्याला वाटीसारखा खळगा असलेले. टर्बोचा दाब अर्ध्या बारवर बांधला.

घडीव पिस्टन तापल्यावर अधिक फुगतो, म्हणून त्याला सिलिंडरात जागा जरा सैल ठेवतात. थंडपणी तो खडखडतो. पहिल्या सकाळी इंजिन सुरू झाले आणि तो खडखडाट ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मिस्त्री शांतपणे तंबाखू मळत होते. पुतण्याने ॲक्सिलरेटरला पाय लावला नाही. काट्याकडे पाहत, स्टिअरिंगवर हात ठेवून, आवाज पुरता विरेपर्यंत तो गप्प बसून राहिला.