तांबोशीचा तांबडा

समुद्राखाली रंग हरवतात हे पुस्तकात वाचणे निराळे आणि आपल्याच हाताच्या पंजाकडे पाहत ते अनुभवणे निराळे. पाणी आपली वसुली तांबड्यापासून सुरू करते. स्वच्छ पाण्यातही पाच-सहा मीटरांवर तांबडा फिकटतो, दहाच्या पुढे जवळजवळ नाहीसा होतो. मग नारिंगी जातो, त्यामागून पिवळा. उरतात ते हिरवे आणि निळे. वीस मीटरांवर बोट कापले तर रक्त हिरवट-काळे दिसते, ही पाणबुड्यांची आवडती गोष्ट आहे. ती खरी आहे, पण तिची प्रचीती घेण्याची इच्छा आम्हांस अद्याप झालेली नाही.

आमचा व्यवसाय साहित्य शिकवण्याचा. पाण्यात उतरण्याचे व्यसन उशिरा लागलेले. पावसाळा सरला की मालवण, आणि भाड्याचे पैसे जमले तर अंदमानातील हॅवलॉक, ज्यास २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात. सोबत एक छोटा डिजिटल कॅमेरा, त्याचे पारदर्शक हाउसिंग, आणि मागाहून घेतलेला एक फ्लॅश-दिवा. जमिनीवर अशा कॅमेऱ्यांचे राज्य मोबाइलने केव्हाच खालसा केले. पाण्याखाली मात्र ही जोडी अजून तग धरून आहे, कारण हातमोजा घातलेल्या बोटांना काचेच्या पडद्यापेक्षा खटका बरा वाटतो.

हाउसिंग म्हणजे पॉलिकार्बोनेटची एक जाड डबी. कॅमेऱ्याच्या प्रत्येक बटणासमोर डबीतून आरपार गेलेली एक दांडी, तिला स्प्रिंग. बाहेरून दांडी दाबावी, आत बटण दाबले जावे, एवढी साधी युक्ती. पण त्यामुळेच एका मॉडेलची डबी दुसऱ्यास चालत नाही. कंपनी नवा कॅमेरा काढते, एखादे बटण दोन मिलिमीटर सरकवते, आणि जुनी डबी जन्मभराची अडगळ होते. कवितेच्या एकाच पाठास चिकटून लिहिलेली टीका नवी संहिता सापडताच जशी निराधार होते, तशीच ही गत. आमच्या माहितीतल्या एका गृहस्थांनी मेलेल्या कॅमेऱ्याच्या डबीत सुपारी ठेवली आहे. ती दमट हवेत मऊ पडत नाही, असे ते सांगतात.

दर दहा मीटरांमागे एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीस मीटरांवर डबीवर पृष्ठभागाच्या चौपट दाब असतो. बहुतेक डब्यांवर चाळीस मीटरांची मर्यादा छापलेली असते. हा सारा भार शेवटी पेलते ती एक रबरी कडी, ओ-रिंग. तिची रोजची पूजा हा या छंदाचा खरा गाभा होय. नखाने वा धातूने न खरवडता ती खाचेतून काढावी, पुसावी, मुगाच्या दाण्याएवढे सिलिकोन ग्रीस बोटावर घेऊन ती त्यातून फिरवावी. बोटास वाळूचा कण लागला तर पुन्हा पुसावे. खाच कोरडी करावी, कडी पीळ न पडता बसवावी, डबी मिटून उजेडाकडे धरावी आणि कडेने काळी रेघ अखंड दिसते की नाही ते पाहावे. मालवणात बोटीवरचा आमचा सोबती वयाने आमच्या निम्मा आहे. उडी मारण्यापूर्वी तो ठरल्याप्रमाणे विचारतो, "सर, केस बघितलात?" म्हणजे कडीखाली अडकलेला केस. एका केसाने कॅमेरा जातो. मौज अशी की खोल गेल्यावर दाबानेच कडी अधिक घट्ट बसते. गळती व्हायची ती बहुधा वरच्या एक-दोन मीटरांतच होते.

दुसरा शत्रू आतला. कोकणातली दमट हवा डबीत कोंडली, कॅमेरा तापला आणि बाहेरून गार पाणी लागले की पुढच्या काचेवर आतून धुके धरते. म्हणून डबी मिटताना आत सिलिका जेलची पुडी ठेवायची, आणि जमल्यास वातानुकूलित खोलीतच मिटायची. तारकर्लीच्या खानावळीत वातानुकूलन शोधणाऱ्याकडे लोक कसे पाहतात, ते येथे सांगत नाही.

प्रकाशाचा प्रश्न मात्र या सगळ्याहून जुना आहे. लुई बूताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८९३ साली बान्युल्सच्या किनाऱ्यावर पाण्याखाली छायाचित्रे काढली, तेव्हा त्याने एका पिंपावर काचेच्या हंडीत स्पिरिटचा दिवा बसवून त्यावर रबरी फुग्याने मॅग्नेशियमची भुकटी फुंकण्याची सोय केली होती. १९२६ साली लाँगली आणि मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळ पाण्याखालचे रंगीत छायाचित्र घेतले तेही तराफ्यावर मॅग्नेशियम पेटवून. आज तेच काम मुठीएवढा दिवा करतो. तरी अडचण तीच आहे: जे रंग पाण्याने काढून घेतले, ते खाली न्यायचे कसे?

कॅमेऱ्याला स्वतःचा फ्लॅश असतोच, मग निराळा दिवा कशाला, असे नवखा विचारतो. उत्तर मालवणच्या पाण्यात मिळते. तेथे पाणी हिरवट, आणि त्यात गाळ व प्लवक यांचे कण तरंगत असतात. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश भिंगाला अगदी खेटून असतो. तो चमकला की मधले सगळे कण उजळून भिंगाकडे परततात, आणि माशाऐवजी चित्रात हिमवर्षाव उतरतो. पाणबुडे याला बॅकस्कॅटर म्हणतात. उपाय असा की कॅमेऱ्याच्या फ्लॅशसमोर आडोसा धरायचा आणि त्याची चमक प्रकाशतंतूच्या तारेने बाहेरच्या दिव्यापर्यंत न्यायची. हा दिवा, म्हणजे स्ट्रोब, लांब दांडीवर बाजूला धरायचा. मग प्रकाश कडेने येतो, माशावर पडतो, आणि भिंगापुढचे कण बरेचसे अंधारात राहतात. येथे एक खोच आहे. डिजिटल कॅमेरा खऱ्या फ्लॅशआधी अंदाजापुरता एक क्षीण फ्लॅश मारतो. स्ट्रोबला तो सोडून द्यायला शिकवलेले नसेल तर तो त्या पहिल्या इशाऱ्यावरच उडतो आणि चित्र काळे येते.

साहित्याच्या वर्गात या भिंगाशेजारच्या फ्लॅशची आठवण आम्हांस अनेकदा होते. कवितेला वाचकाच्या नजरेला खेटूनच उजेड लावला की उजळतो तो मधला गाळ: ऐकीव मते, चरित्रातली कुचाळकी, परीक्षेच्या नोट्स. उपमा फार ताणण्यात अर्थ नाही. कवितेला दिवा बाजूने लावण्याची दांडी कोणत्या दुकानात मिळते, ते आम्हांस ठाऊक नाही.

जवळ जाणे हा एकच नियम सर्व पाणबुडे एकमुखाने सांगतात. दिव्याचा प्रकाश माशापर्यंत जातो आणि परत येतो. म्हणजे एक मीटरवरच्या माशासाठी पाणी दोन मीटरांची वसुली करते. शिवाय सपाट काचेतून पाहिले की अपवर्तनामुळे वस्तू पाव अंतराने जवळ भासते, त्यामुळे आपण पुरेसे जवळ आलो असे उगीचच वाटते. जवळ जाण्याच्या या नादात फिन्सचा फटका प्रवाळाला बसतो, हेही त्याच दमात सांगायला हवे. छायाचित्रासाठी प्रवाळावर हात टेकणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांची चित्रे चांगली येतात.

आता तांबोशी. लालसर, रुंद पाठीचा हा मासा, आणि नावातच तांबडा. मालवणच्या एका खडकाच्या कपारीत आम्ही तिला पाहिले तेव्हा ती करडी-काळी होती. दिवा चमकला आणि पडद्यावर ती लालबुंद उमटली. वर आल्यावर बोटीच्या तांडेलांना आम्ही ते चित्र दाखवले. ते म्हणाले, "वर काढल्यार तांबडी, खाली काळीच." त्यांना त्यात नवल वाटले नाही. आमचे एक भाषाशास्त्रज्ञ सहकारी मात्र हट्टाला पेटले: ते तांबडे चित्र खोटे, कारण त्या जागी तो रंग कोणत्याही डोळ्याने पाहिलेला नाही. आमचे म्हणणे असे की रंगद्रव्य तेथे होतेच, फक्त परतवायला तांबडा प्रकाश नव्हता. खोल पाण्यात राहणाऱ्या किंवा रात्री फिरणाऱ्या अनेक माशांना तांबडेपण उपयोगी पडते ते याच कारणाने. तांबडा उजेडच नसेल तेथे तांबडे असणे म्हणजे अदृश्य असणे. तिचे नाव आपण ठेवले ते बाजारातल्या उजेडात. हा वाद चहाच्या तीन फेऱ्या चालला आणि मिटला नाही. सहकाऱ्यांच्या बाजूने बोलायचे तर त्यांनी पुढे जो प्रश्न विचारला तो आम्हांस सुचला नव्हता: उद्या हे चित्र पुरावा म्हणून मागितले तर?

ते मागितले गेले. प्रवाळाचा अभ्यास करणारी एक तरुणी आमचा संग्रह पाहायला आली. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या अंगातली शैवाले सोडून देते, आणि पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. १९९८, २०१० आणि २०१६ या साली भारतीय समुद्रांत ते झाले. चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर करण्यात आले. तिला हवे होते एकाच खडकाचे जुने-नवे चित्र. आमची सर्वांत देखणी, स्ट्रोब लावून घेतलेली चित्रे तिने एकेक करून बाजूला ठेवली. जवळून दिवा जरा अधिक पडला की निरोगी तपकिरी प्रवाळही पांढरे दिसते, आणि फिकटलेले प्रवाळ सोनेरी दाखवता येते. तिने निवडली ती दिव्याविना घेतलेली, हिरवट, कंटाळवाणी सहा चित्रे, आणि विचारले की संगणकावर रंग न सुधारलेल्या मूळ फाइली तारखांसह आहेत काय. त्या होत्या. संहिताचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाकडून निदान मूळ प्रत जपण्याची अपेक्षा असतेच.

जाताना तिने एक प्लास्टिकचे रंगपत्रक दिले. क्वीन्सलँड विद्यापीठातील कोरलवॉच या उपक्रमाने २००२ पासून ते वापरात आणले आहे. त्यावर चार रंगछटा, प्रत्येकीच्या फिकट ते गडद अशा सहा पायऱ्या. पत्रक प्रवाळाशेजारी धरायचे, म्हणजे पाण्याची वसुली दोघांनाही सारखीच लागते. मग सर्वांत फिकट आणि सर्वांत गडद भाग कोणत्या चौकोनाशी जुळतो ते लिहायचे. पुढच्या हंगामात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला, सहा मीटरांवरच्या एका पोराइटीस प्रवाळाच्या गोल धोंड्यापाशी आम्ही ते धरले. दिवा पट्ट्याला लटकत होता, बंद. वरचा भाग ई-२, बुडखा ई-४. पाटीवर पेन्सिलीने तेवढे लिहिले, तारीख घातली, दिव्याविना एक चित्र घेतले, आणि बोटीची नांगरदोरी शोधू लागलो.