शिकवणी आई-बापांची

मूल उशिरा बोलू लागलं की आपल्या माणसांकडे दोन गोष्टी तयार असतात, एक दिलासा आणि एक सल्ला. दिलासा असा, की "अहो, आमच्या भाच्याला चार वर्षांपर्यंत शब्द फुटला नव्हता, आता कोर्टात दुसऱ्याला बोलू देत नाही!" आणि सल्ला असा, की "घरी मराठी बंद करा, दोन भाषांनी पोर गोंधळतं." आमच्या चिरंजीवांच्या बाबतीत गेल्या तीन वर्षांत दोन्ही भरपूर मिळालं. देणाऱ्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण या काळात आम्हां दोघांना जे कळलं, ते मंडळातल्या आणखी एखाद्या घराच्या कामी यावं म्हणून हा लेखनप्रपंच.

इंग्लंडमध्ये मूल दोन-अडीच वर्षांचं झालं की हेल्थ व्हिजिटरची तपासणी असते. हाकेला वळतो का, बोटाने दाखवतो का, दोन शब्द जोडतो का, अशी प्रश्नावली आम्ही भरली आणि "अजून नाही"ची रांगच लागली. पुढे कान तपासले, ऐकू नीट येत होतं. मग स्पीच थेरपीच्या यादीत नाव, मग वाट पाहणं, आणि त्यानंतर निदान: ऑटिझम. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. आमचे चिरंजीव मात्र स्वतःपेक्षा वॉशिंग मशीनमधल्या फिरणाऱ्या कपड्यांत जास्त मग्न असतात!

थेरपी म्हटली की समोर बसवलेलं मूल, चित्रांचे पत्ते आणि "म्हण पाहू" असं डोळ्यांपुढे येतं. आमच्या थेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "मी याला पंधरवड्यातून एकदा पाहणार. बाकीचा सगळा वेळ तो तुमच्याजवळ आहे. तेव्हा शिकवणी तुमची." आणि साधन म्हणून त्यांनी मागितला आमचा फोन. तो मुलाच्या हाती द्यायला नव्हे, टेबलावर उभा करून आमचंच चित्रण करायला.

रीत साधी. दहा मिनिटं त्याच्याबरोबर खेळायचं, फोन ते टिपतो. चित्रण पाठवायचं आणि मग व्हिडिओ कॉलवर बाई आणि आम्ही मिळून पाहायचं. बाई मध्येच थांबवून म्हणत, "हे पाहा." त्यानं डब्याकडे पाहिलं, मग वर आमच्याकडे पाहिलं. एवढंच, जेमतेम एक सेकंद. "हे त्याचं बोलणं. आणि इथे तुम्ही गप्प राहून थांबलात, म्हणून पुढे त्याचा हात आला." चुका काढण्यापेक्षा जे जमलं तेच त्या निवडून दाखवत. उद्या तेच थोडं जास्त करायचं. रोज अर्धा तास, मग तो आंघोळीत असो वा पोळ्या लाटताना.

त्यातून चार गोष्टी हाती लागल्या. त्याच्या उंचीला बसावं. तो ज्याकडे पाहतो त्याबद्दलच बोलावं. प्रश्नांपेक्षा साधी वाक्यं बरी: "हे काय?" पेक्षा "गाडी आली." आणि बोलून झाल्यावर मनात दहा आकडे मोजावेत. हे शेवटचं सगळ्यात अवघड. मराठी घरात दहा आकडे शांतता कुणी पाळली आहे?

ही कल्पना कुणा एका बाईंची नव्हे. मँचेस्टर विद्यापीठातले जोनाथन ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'पॅक्ट' नावाची अशीच पद्धत लंडन, मँचेस्टर आणि न्यूकॅसल इथल्या १५२ लहान मुलांच्या घरांबरोबर तपासली. २०१० साली निष्कर्ष आले, तेव्हा आई-बाप आणि मुलातलं देणं-घेणं स्पष्ट सुधारलं होतं, पण ऑटिझमच्या लक्षणांत फारसा फरक नव्हता. काही वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा पाहिलं, तेव्हा लक्षणांची तीव्रताही कमी आढळली. ते २०१६ साली प्रसिद्ध झालं.

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढे आहे. हीच पद्धत गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या मंडळींनी आपल्याकडच्या घरांसाठी बेतून घेतली. तज्ज्ञ थोडे, म्हणून साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून तयार केलं. ६५ मुलांवरचा हा अभ्यासही २०१६ चाच. आई-बाप मुलाच्या कलाने जास्त प्रतिसाद देऊ लागले, मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. सगळ्याच मोजमापांत सुधारणा झाली असं नाही. पण महागडं यंत्र नाही, मोठा दवाखाना नाही. कॅमेरा, घरचं माणूस आणि घरची भाषा यांवर काम झालं.

घरची भाषा! तो सल्ला आम्ही बाईंपुढे ठेवला. त्या म्हणाल्या, "ज्या भाषेत तुम्ही हसता आणि अंगाई म्हणता, तीच बोला." दोन भाषांमुळे वाचेचा दोष होत नाही, ऑटिझम असलेल्या मुलांचंही त्याने नुकसान होत नाही. इथल्या रॉयल कॉलेज ऑफ स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट्सचीही भूमिका घरची भाषा जपावी अशीच आहे. बाईंना मराठी येत नाही, पण चित्रणात त्या शब्दांपेक्षा नजर आणि वेळ पाहत. अर्थ आम्ही खाली लिहून देत होतो.

गोम वेगळीच निघाली. फोनवर आणि इंटरनेटवर आई-बापांसाठी जे मिळतं, ते बहुतेक इंग्रजी. बीबीसीने २०२० साली 'टायनी हॅपी पीपल' नावाने छोट्या चित्रफिती आणल्या, त्या चांगल्या आहेत. पण त्या नुसत्या भाषांतरित करून आपलं भागत नाही. इंग्रजीत गाडी असो, चेंडू असो, फूल असो, "गॉन" एकच. आपल्याकडे गाडी गेली, चेंडू गेला, फूल गेलं! म्हणून आम्ही ठरवलं, आठवडाभर एकच खेळ: गाडी आली, गाडी गेली. उलट, आपल्या आज्यांनी जे शब्द ठेवलेत ते कोणत्याही ॲपला हेवा वाटावा असे: मम्मम, पापा, भूभू, हम्मा, जोजो. ओठांवर सहज येणारे, बहुतेकांत एकच अक्षर दोनदा. चिऊ-काऊचा घास तर प्रत्येक घासागणिक थांबायला शिकवणारी थेरपीच.

साताऱ्याच्या आजीला आम्ही आमची चित्रणं पाठवू लागलो. "काय खाल्लंस, कुठे गेला होतास" सोडून ती कॉलवर वाटी वाजवून गप्प बसू लागली. एका रविवारी तिनं वाटी खाली ठेवली आणि इकडून आवाज आला, "अजून." आजी तिकडे रडली. आज तो पाच वर्षांचा आहे. साठेक शब्द आहेत, काही हाताच्या खुणा आहेत. नर्सरीचे शब्द इंग्रजी, घरचे मराठी. कुठला कुणाला म्हणायचा, यात त्याचा गोंधळ होत नाही. पुढे किती बोलेल कुणीच सांगू शकत नाही, आणि आम्हीही आता विचारत नाही.

मंडळाला एक सुचवावंसं वाटतं. दरवर्षी नाटक, दिवाळी, संक्रांत होते. त्याच्या जोडीला दहा-बारा घरांनी मिळून आंघोळ, जेवण, कपडे, जोजो अशा रोजच्या गोष्टींची मराठी चित्रणं करावीत. मोठ्यांनी मुलाशी कसं बोलावं हे दाखवणारी, दोन-दोन मिनिटांची. पाहायची मोठ्यांनी, मुलापुढे नुसता स्क्रीन ठेवून हे काम होत नाही. एखाद्या थेरपिस्टकडून तपासून घ्यावीत. आणि ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी भाच्याच्या गोष्टीवर वर्ष काढू नये. हेल्थ व्हिजिटरला किंवा जीपीला सांगावं. बऱ्याच ठिकाणी आई-बापांना थेट थेरपीकडेही नाव देता येतं. नाव लागेपर्यंत फोन टेबलावर उभा करायला कुणाची परवानगी लागत नाही.

तोवर कार्यक्रमात आमचे चिरंजीव भेटले तर "नाव काय तुझं?" नका विचारू. शेजारी बसा, त्याची गाडी पाहा, "गाडी आली" म्हणा, आणि मनात दहा मोजा.