महाराज, सप्ता कुठी हाये?

धोतर नेसलं की माणूस एकदम म्हातारा होतो. अमरावतीच्या स्टँडवर चांदूर बाजारच्या गाडीत बसलो, तर कंडक्टरने तिकिटाचे पैसे मागायच्या आधीच विचारलं, "आबाजी, आधार आनलं का?" पासष्टीपुढच्यांना एसटीत अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना फुकट, त्यामुळे बिचाऱ्याचा प्रश्न रास्त होता. मी अजून पन्नाशीही गाठलेली नाही. "फूल द्या" म्हटल्यावर त्याने मान वर करून माझा चेहरा पाहिला, पुन्हा खाली धोतर पाहिलं आणि म्हणाला, "मंग हे कायले?"

त्याचं खरं उत्तर फार साधं आहे. मार्चमध्ये वऱ्हाडात पारा चाळिशीकडे सरकू लागतो. जीन्स घालून एसटीच्या तापलेल्या सीटवर तास-दीड तास बसायचं, की चारी बाजूंनी वारा खेळणारं सुती धोतर नेसायचं, यात विचार करण्यासारखं काही नाही. म्हणून उन्हाळ्यातल्या प्रवासात मी धोतर नेसतो. पण हे कुणाला पटत नाही. लोकांना धोतरामागे एखादा प्रसंग लागतो. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "कोनाचं लगन व्हय जी?" मागच्या बाकावरच्या पोट्ट्यांपैकी एकजण दुसऱ्याला, पण मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाला, "शूटिंग हाये वाट्टे." खिडकीशी बसलेले एक मास्तरछाप गृहस्थ बराच वेळ माझं निरीक्षण करत होते. शेवटी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "कोणत्या पक्षाचे?"

बाहेरच्या वाचकाची गल्लत होते म्हणून सांगतो. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचं ते चांदूर रेल्वे. मी निघालो होतो ते चांदूर बाजार, उत्तरेला, सातपुड्याच्या अंगाचं. नरखेडच्या मार्गामुळे आता या बाजारालाही स्टेशन आलंय, पण गावाची ओळख संत्रा, कापूस आणि बाजार हीच. तिथून पुढे मला माधानला, गुलाबराव महाराजांच्या गावी जायचं होतं.

वलगावला पेढी नदी लागली. याच नदीकाठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. या रस्त्याने जाताना कपड्यांचा विषय डोक्यात असेल, तर त्यांना ओलांडून जाता येत नाही. शेणगावचे डेबूजी झिंगराजी जाणोरकर १ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि मातीचं गाडगं. ते कधी हातात, कधी डोक्यावर. अनोळखी गावात असा माणूस शिरल्यावर लोक काय म्हणाले असतील याची कल्पना करायची गरज नाही, कारण लोक जे म्हणाले तेच त्यांचं नाव झालं. कुठे गोधडेबुवा, कुठे चिंधेबुवा, कुठे गाडगेबाबा. जाणोरकर हे नाव आज किती जणांना सांगता येईल? अमरावतीच्या विद्यापीठाच्या पदवीवर गाडगेबाबा छापलेलं असतं. रस्त्यावरच्या कुणीतरी हातातल्या मडक्याकडे बघून मारलेली ती हाक, हे पदवी भिंतीवर लावणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

चांदूर बाजारला उतरलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. स्टँडजवळच्या हॉटेलात आलूबोंडा आणि चहा सांगितला. हॉटेलवाला बशी ठेवता ठेवता म्हणाला, "महाराज, सप्ता कुठी हाये?"

या प्रश्नाची मला सवय आहे. लग्न, शूटिंग, निवडणूक आणि कीर्तन हे धोतराचे चार कप्पे आहेत. तुम्ही त्यांतल्या एकात बसलात की लोक निवांत होतात. "हो, अमक्या गावी सप्ता आहे" असं खोटं बोलून पाहिलं, तर पुढे मृदंगाला कोण, काल्याला कोण, अशी चौकशी सुरू होते. "उकडतं म्हणून नेसतो" हे खरं सांगितलं तर समोरच्याला वाटतं आपली टर उडवली जातेय. गप्प बसलं की शिष्ट ठरतो. चिडलं तर संपलंच, मग आख्खं स्टँड गोळा होतं. मी आता एकच करतो. उत्तर न देता उलट विचारतो, "तुमच्या घरी कोण नेसायचं?"

हॉटेलवाला थबकला. त्याचा आजा नेसायचा. आज्याचं धोतर वाळत घालायला अंगणभर दोरी लागे, आणि त्या ओल्या धोतराखालून पळायचं म्हणून पोरं मार खात. गल्ला सोडून तो समोर येऊन बसला. बाजूच्या टेबलावर ऐंशीच्या घरातले एक आबाजी बशीतून चहा पीत होते. त्यांनी मान न वळवता शेरा मारला, "हे काई आपलं धोतर नाई."

आतापर्यंत सगळे माझ्याकडे बघत होते. धोतराकडे बघणारा हा पहिला माणूस. मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. त्यांचं म्हणणं असं की घोट्यापर्यंत निऱ्या सोडलेलं, सोगा लोंबणारं हे शहरातलं धोतर, कचेरीत मिरवायचं. कास्तकाराचं धोतर गुडघ्यापाशी संपतं, वर बंडी आणि डोक्याला रुमाल. काळ्या मातीत, तुरीच्या खुंटांतून, बैलामागे चालायचं तर पायात कापड येऊन चालत नाही. "धोतर खाली आलं की आमचा बाप म्हने, वावरात चालला का वरातीत?"

गंमत म्हणजे आबाजी स्वतः पायजम्यात होते. "तुम्ही काऊन सोडलं?" म्हणून विचारलं तर त्यांनी बशी खाली ठेवली. पोराने फटफटी घेतली. मागे बसून वावरात चालले होते, सोगा चेनीत गेला आणि दोघंही रस्त्यावर. गुडघा फुटला. दुसऱ्या दिवशी पोराने दोन पायजमे शिवून आणले. धोतर मोडीत काढलं ते विलायती कापडाने, शाळेने, शहराने, असं आपण वाचत आलो. दुचाकीच्या चेनचं नाव त्या यादीत मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते फार पटलं. आबाजींनी लगेच पुढचं कारणही जोडलं: "आन् दुसरं म्हंजे, सायब लोक धोतरवाल्याले तू म्हनत, पँटवाल्याले तुमी." यावर हॉटेलवाला हसला नाही.

स्कॉटलंडची एक गोष्ट मी त्यांना सांगितली. तिथले डोंगराळ भागातले पुरुष चौकटीच्या लोकरी कापडाचा घागरा नेसत, किल्ट म्हणतात त्याला. तिथल्या बंडानंतर ब्रिटिश संसदेने १७४६ साली कायदा करून तो वेश बंद केला. १७८२ साली बंदी उठली, पण तोवर लोकांची मोडलेली सवय पूर्वीसारखी परत आली नाही. आता तो मुख्यतः लग्नात आणि समारंभात नेसतात. "म्हंजे आपल्यासारखंच," हॉटेलवाला म्हणाला. आमच्याकडे कायदा वगैरे काही झाला नाही, तरी धोतर नवरदेवापुरतं उरलं, आणि तेही इलॅस्टिक लावून शिवलेलं. किल्टवाल्याला परका माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो, आत काय घातलंय? आबाजी यावर इतके हसले की चहा सांडला. "थो त कोनी बी इचारन!"

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. धोतरावरचे हे टोमणे मी चवीने सांगू शकतो, कारण मी पुरुष आहे आणि नेसलंय तेही आज्या-पणज्याचं. त्याच स्टँडवर तोंडाला ओढणी गुंडाळून उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलींना कपड्यांवरून जे ऐकावं लागतं, त्याच्या गोष्टी होत नाहीत. त्यांना "तुमच्या घरी कोण घालायचं?" असं उलट विचारून भागत नाही.

माधान तिथून जवळच. ऑटोत आम्ही किती होतो ते ऑटोवालाही सांगू शकला नसता. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मधे हरभरा काढून मोकळी झालेली वावरं.

गुलाबराव महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ चा, लोणी टाकळीचा. पण घर माधानच्या मोहोडांचं, शेतकऱ्याचं. तान्हे असताना डोळ्यांत चुकीचं औषध गेलं आणि दृष्टी गेली. वाचणारी माणसं भेटतील तिथे त्यांनी ग्रंथ वाचून घेतले, आणि ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ सांगून लिहवले. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या विचारांचा समाचार या गावातल्या आंधळ्या माणसाने घेतला, हेच ऐकणाऱ्याला आधी खरं वाटत नाही. पण मी आलो होतो वेगळ्या कारणाने. १९०१ साली ज्ञानेश्वरांनी आपल्याला मंत्र दिला अशी त्यांची अनुभूती होती. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची मुलगी म्हणत आणि कृष्णाची पत्नी मानत. कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. १८९६ साली त्यांचं लग्न झालेलं होतं. म्हणजे घरात मनकर्णिकाबाई, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या नवऱ्याच्याही गळ्यात मंगळसूत्र.

देवाला नवरा मानणारी ही मधुराभक्ती जुनी आहे. रामकृष्ण परमहंसांनीही काही काळ स्त्रीवेश घेतला होता. दंडारीत लुगडं नेसून नाचणारा पोरगा गावाला ठाऊक असतो. १९११ साली बालगंधर्व 'मानापमान'मध्ये भामिनी म्हणून उभे राहिले तेव्हा लोक तिकिटं काढून बघायला गेले. पण पडदा पडला की भामिनीचे पुन्हा नारायणराव राजहंस होत. दंडारीतला पोरगाही सकाळी वावरात जाई. या सगळ्यांना लोकांनी कप्पा दिला होता. माधानच्या या माणसाने पडदाच ठेवला नाही.

आणि त्यांना दिसत नव्हतं. हे माझ्या डोक्यातून जात नाही. टोमणा मारणाऱ्याला आपण तोंड देतो ते निम्मं त्याच्या चेहऱ्याकडे बघून: हा चेष्टेने म्हणतोय की दुष्टपणाने, हसून सोडावं की सरकून बसावं. त्यांच्या वाट्याला नुसते आवाज येत असणार. उलट स्वतःचा वेश लोकांना कसा दिसतो हेही त्यांनी कधी पाहिलेलं नाही. आरसा नसलेल्या माणसाने कुंकू लावायचं ते कुणासाठी, याचं उत्तर त्यांच्यापुरतं पक्कं होतं. माझं धोतर उकाड्यासाठी आहे. दोन्ही एका ओळीत बसवायचा मोह मला तिथे झाला नाही.

महाराजांच्या संस्थानात माझ्या धोतराकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तिथे ते शोभतच होतं. दिवसभराच्या टोमण्यांनंतर जरा चुकल्यासारखं झालं, हेही खरं. ओसरीवर एक वयस्क सेवेकरी बसले होते. मी विचारलं, "महाराजांना लोक तेव्हा हसत असतील ना?"

"हासले असतीन ना बाप्पा. आपल्या गावचे लोक हायेत, हासल्याबिगर राह्यतीन का?" ते म्हणाले. मग लगेच, "तुमी जेवले का?"

परतीच्या एसटीत गर्दी होती. मला मिळालेल्या जागेच्या पलीकडे एक बाई आणि मधे सहा-सात वर्षांचं पोरगं. वलगाव येईपर्यंत ते माझ्या निऱ्यांकडे एकटक बघत होतं. शेवटी राहवलं नाही.

"काका, आत काई घातलं हाये का?"

आईने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की मागच्या बाकापर्यंत "आयो" ऐकू गेलं. कंडक्टर, जातानाच्या मास्तरांसारखाच दुसरा एकजण, आणि पुढच्या दोन बाया, सगळ्यांची मान वळली. एवढ्या दिवसांत हे विचारायचं धाडस मोठ्यांपैकी कुणालाच झालं नव्हतं.

"चड्डी," मी सांगितलं.

"कोन्त्या रंगाची?"